वेल्डिंग शिकू इच्छिणाऱ्यास चार शब्द

मृग नक्षत्राच्या सरी कोसळल्या, धानाचे पऱ्हे टाकून झाले आणि बांध्यांत चिखलणीसाठी ट्रॅक्टर उतरविण्याची वेळ आली, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावापासून अर्जुनी मोरगावापर्यंतच्या प्रत्येक बाजारगावी सडकेच्या कडेला असलेल्या वेल्डिंगच्या दुकानापुढे जी गर्दी लोटते, ती ज्याने एकवार पाहिली असेल, त्याला या धंद्याचे महत्त्व निराळे पटवून देण्याची गरज नाही. कोणाच्या केज व्हीलची आडवी पट्टी निखळलेली असते, कोणाच्या ट्रॉलीचा हूक झिजून पातळ झालेला असतो, कोणाच्या रोटाव्हेटरचा कान तुटलेला असतो; आणि प्रत्येकाचा तगादा एकच, की आपले काम आधी व्हावे, कारण रोवणीच्या बाया उद्या पहाटे बांधीवर हजर होणार. या गर्दीत, कारागिराच्या पाठीशी, डोळ्यांवर हात धरून आणि बोटांच्या फटीतून त्या निळ्या-पांढऱ्या लखलखाटाकडे पाहत दोन-चार पोरे हटकून उभी असतात. त्यांपैकी एखाद्याच्या मनात हा हुन्नर आपणही शिकावा असा विचार घोळत असतो. प्रस्तुत लेख त्या पोरासाठी आहे. आणि त्याला सांगावयाची पहिली गोष्ट ही, की बोटांच्या फटीतून पाहू नकोस.

नवशिक्याची सर्वसाधारण समजूत अशी असते की, आधी हात बसवावा, खबरदारी मागाहून अनुभवाने येईल. आणि जे उस्ताद स्वतः डोळे मिटून टाका मारून दाखवितात, ते या समजुतीस नकळत खतपाणी घालतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ज्या सवयींनी डोळे, फुप्फुसे आणि प्राण राखले जातात, नेमक्या त्याच सवयींनी सांधाही चांगला उतरतो. काच नीट असेल तर वितळलेला धातू दिसतो, आणि तो दिसला तरच हाताला त्याला हाकता येते. गंज, रंग आणि तेल खरवडून काढले तर धूर कमी निघतो आणि सांध्यात छिद्रेही कमी पडतात. केबल आणि होल्डर सुस्थितीत असले तर अंगाला झटका बसत नाही आणि करंटही स्थिर राहतो. म्हणून या लेखात सुरक्षेचे प्रकरण वेगळे काढलेले नाही.

प्रथम या क्रियेचे स्वरूप ध्यानी घेऊ. धातू जोडण्याला आपल्या भाषेत झाळणे, डाख देणे असे जुने शब्द आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ज्या भंडारा जिल्ह्यात त्याचा समावेश होता, तो तर पितळी भांड्यांसाठी ख्यातनाम. कासार भांड्याला डाख देतो तेव्हा भांड्याचे पितळ वितळत नाही. वितळतो तो मधला डाख, आणि तोच गोंदासारखा दोहोंना धरून ठेवतो. लोहार दोन तुकडे पांढरे होईतो तापवून ऐरणीवर ठोकतो, त्यात ते एकजीव होतात खरे, पण पातळ होत नाहीत. आर्क वेल्डिंगमध्ये मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडा आणि वरून पडणारा रॉड ही तिन्ही वितळून त्यांचे एक लहानसे डबके तयार होते, आणि ते थिजले म्हणजे सांधा. रशियातील निकोलाय बेनार्दोस याने १८८१ च्या सुमारास कोळशाच्या कांडीने विजेची ही ज्योत धातू जोडण्याच्या कामी लावली. पण तिला खरे व्यवहाररूप आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, जेव्हा स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग याने लोखंडी तारेवर लेप चढविला. तुमच्या हातातील रॉडवर दिसणारे ते राखी पुट शोभेचे नाही. ते जळून वायूचे कवच तयार होते आणि हवेला डबक्यापासून दूर ठेवते. उरलेले वितळून मळी होते, व ती सांध्यावर साय धरावी तशी धरते. लेप उडालेला, ओलसर झालेला रॉड वापरणे म्हणजे हे कवच फेकून देणे होय.

आता शिकावे कोठे? गोंदिया शहरात आणि तालुक्यांच्या ठिकाणीही शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि १९५० मध्ये देशात सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. दहावी हुकली म्हणून या व्यवसायाचे दार बंद होत नाही, आणि मुलींनाही तेथे पूर्ण मुभा आहे. तेव्हा दहावीच्या निकालानंतर जवळच्या संस्थेत जाऊन तेथे हा व्यवसाय चालतो किंवा कसे, प्रवेशअर्जाची मुदत काय, याची चौकशी करण्यात कसूर करू नये. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये एखाद्या कारखान्यात उमेदवारी करता येते. उलटपक्षी, ज्याला घरच्या परिस्थितीमुळे वर्षभर बसून शिकणे शक्य नाही, त्याला एखाद्या उस्तादाच्या हाताखाली राहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. या जिल्ह्यातील कित्येक निष्णात कारागीर असेच तयार झाले आहेत. मात्र उस्ताद निवडताना त्याच्या कामाची कीर्ती ऐकण्याआधी त्याच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. तो स्वतः तोंडापुढे स्क्रीन धरतो काय. त्याच्या होल्डरची मूठ अखंड आहे की चिंध्या बांधलेली. आणि ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधलेले आहे की भिंतीला नुसते टेकविलेले. यांपैकी दोन गोष्टी चुकलेल्या असतील तर त्या दुकानी राहू नये, मग तो माणूस कितीही प्रेमळ असो.

डोळ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे मी स्वतः पोळलो आहे. अठराव्या वर्षी एका ओळखीच्या दुकानात खिडकीच्या जाळीचे काम चालले असताना मी दिवसभर कोनाला गुण्या लावून धरीत होतो, आणि कारागीर ‘डोळे मीट’ म्हणे तेव्हा मिटीत होतो. संध्याकाळी काहीही झाले नाही. जेवलो, झोपलो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती कोणी डोळ्यांत मूठभर रेती लोटल्याप्रमाणे. पापणी उघडवेना, मिटवेना, पाण्याच्या धारा लागलेल्या, आणि घरातला बारका दिवाही असह्य. आईने दुधाची घडी ठेवली, शेजारच्या काकूंनी बटाट्याच्या चकत्या आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी आराम पडला आणि सर्वांनी श्रेय बटाट्याला दिले. वस्तुतः बुबुळावरील जळालेली साय एक-दोन दिवसांत आपोआप भरून येते, तीच भरली होती. हा दाह अतिनील किरणांचा असतो, तो सहा ते बारा तासांनी उमटतो, आणि म्हणूनच नवशिक्याला कारण आणि परिणाम यांचा सांधा जुळविता येत नाही. थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवावी, डोळे चोळू नयेत, आणि दवाखान्यात जावे. दुकानातून सुन्न करणारे थेंब आणून घालणे किंवा दूध, मध आदी पदार्थ डोळ्यांत सोडणे हे अनर्थास आमंत्रण आहे.

उपाय सोपा आहे. स्क्रीनमधील काळ्या काचेला क्रमांक असतो. सव्वातीन मिलिमीटरच्या आतील रॉडने काम करणाऱ्यास १० किंवा ११ क्रमांकाची काच योग्य, आणि गॅसच्या कामास ५ क्रमांकाची पुरते. तिच्यापुढे एक साधी पांढरी काच असते, ती उडणाऱ्या थेंबांनी खवखवीत झाली की बदलावी. दहा-वीस रुपयांच्या या काचेचा कंटाळा केल्यामुळेच निम्मे नवशिके स्क्रीन बाजूला सारून पाहू लागतात. बाजारात मिळणारे काळे गॉगल आर्कसाठी निरुपयोगी आहेत, कारण ते गाल आणि गळा उघडा ठेवतात व काचेचा क्रमांक त्यावर नसतो. मळी ठोकून काढताना काळी काच वर आणि पांढरा चष्मा डोळ्यांवर हवा. मळी काचेप्रमाणे तुटते आणि गरम असताना थेट बुबुळाकडे धाव घेते. आणि जो आर्क पाडतो त्याने आसपासच्यांना आगाऊ सूचना द्यावी, शक्य तर आडोसा उभा करावा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ ने कारखान्यात डोळ्यांच्या रक्षणाची जबाबदारी मालकावर टाकली होती. सडकेकडेच्या दुकानाला कायदा लागू असो वा नसो, डोळे दोन्हीकडे सारखेच.

पोशाखासंबंधी फार लिहीत नाही. सुती, जाड, पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणे. खिशात काडेपेटी किंवा लायटर नाही. पँट खाली सोडलेली, दुमडलेली नाही, कारण त्या दुमडीत ठिणगी बसली म्हणजे मांडीपर्यंत धूर येईतो कळत नाही. टेरिकॉट आणि नायलॉन अंगावर वितळून चिकटतात. कातडी हातमोजे, कातडी बूट. मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो आणि हे सारे अंगावर चढविणे जाच वाटते हे मला ठाऊक आहे. तेव्हा कामाची वेळ पहाटेकडे सरकवावी, पोशाख उतरवू नये.

विजेच्या बाबतीत मात्र आपल्या मुलखाची एक विशेष गोष्ट सांगणे भाग आहे. यंत्रातून होल्डरपर्यंत येणारा दाब सत्तर-ऐंशी व्होल्टच्या आसपास असतो, आणि हे ऐकून लोक निर्धास्त होतात. कोरड्या अंगाला, कोरड्या जमिनीवर, बहुधा तो नुसती झिणझिणी देतो. पण आषाढात, चिखलातून आणलेल्या ट्रॉलीखाली उताणे पडून, ओल्या पाठीने आणि घामेजल्या मोज्यांनी रॉड बदलीत असताना तोच दाब प्राणघातक ठरतो. रॉड बदलताना होल्डर काखेत धरण्याची सवय तर एखाद्या उस्तादाने दाखविली तरी उचलू नये. पायांखाली कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई घ्यावी, मोजे ओले झाले की बदलावेत, केबलचा उघडा पडलेला भाग टेपने न झाकता कापून नीट जोडावा, आणि पावसात काम थांबवावे. गिऱ्हाईक रागावेल, रागावू द्या.

येथेच एका शब्दाचा गोंधळ निस्तरला पाहिजे. दुकानात ‘अर्थिंग’ हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंना लावतात. एक, यंत्राच्या लोखंडी पेटीपासून जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत जाणारी तार. ती आत वायर उसवली तर पेटी जिवंत होऊ नये यासाठी असते आणि तिच्यावाचून यंत्र चालू करणे हा गुन्हाच समजावा. दुसरी, कामाच्या तुकड्याला चिमट्याने लावलेली केबल, जिच्यातून करंट यंत्राकडे परत जातो. हा चिमटा सांध्याच्या शक्य तितका जवळ, गंज खरवडून, घट्ट लावावा. तो जर दूर गिरणीच्या सांगाड्याला किंवा ट्रॅक्टरच्या दुसऱ्या टोकाला लावला, तर करंट वाटेत लागेल त्या बेअरिंगमधून, साखळीतून जातो, तेथे लहान लहान खड्डे पाडतो, आणि महिन्याभराने बेअरिंग गडगडू लागले म्हणजे मालक दोष बेअरिंगच्या कंपनीस देतो. ट्रॅक्टरवर काम करण्याआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, हेही यातच आले.

आता हात. प्रारंभ सहा मिलिमीटर जाडीच्या सपाट पट्टीवर करावा. पत्रा घेऊ नये, तो लगेच भोक पडून नवशिक्याचा धीर खचवितो. पट्टी तारेच्या ब्रशने व कानशीने चकचकीत होईतो घासावी. रॉड ६०१३ जातीचा घ्यावा. त्याची ज्योत नम्र असते आणि मळी सहज सुटते. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ च्या रॉडला ९० ते १३० अँपिअर ही मर्यादा बहुधा पुडक्यावरच छापलेली असते; तिच्या मधोमध सुरुवात करून आवाज ऐकत वरखाली करावे. खेडेगावी संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा सकाळचा आकडा लागू पडत नाही, आणि शिकाऊ माणूस हात बिघडला म्हणून उगाच खिन्न होतो.

रॉड काडी ओढावी तसा पट्टीवर ओढून किंचित उचलला की आर्क धरतो. पहिले दोन दिवस तो चिकटेल. चिकटला तर होल्डर मुरगळून सोडवावा; न सुटल्यास होल्डर रॉडपासून मोकळा करावा, आणि हातमोज्याशिवाय त्या लालबुंद रॉडला हात लावू नये. आर्क धरल्यावर रॉड ज्या दिशेने न्यायचा त्या दिशेकडे मूठ सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत झुकलेली, आणि टोक व पट्टी यांतील अंतर रॉडच्या तारेच्या जाडीएवढेच. अंतर योग्य असेल तर कढईत तळण पडावे तसा एकसारखा चरचर आवाज येतो. वाढले की तो फुत्कारू लागतो आणि थेंब चहूकडे उडतात. आता सर्वांत अवघड भाग, आणि तो हाताचा नसून दृष्टीचा आहे: नवशिका ज्योतीकडे पाहतो. ज्योत पाहू नये, तिच्या मागे रेंगाळणारे डबके पाहावे. त्याची मागची कड गोलसर थिजत येत असते. ती रॉडच्या जाडीच्या दोन-तीन पट रुंद होताच पुढे सरकावे. घाई केली तर दोरीसारखा बारीक, वर बसलेला सांधा उतरतो. रेंगाळले तर डबके पसरून मळी पुढे धावते व आत अडकते. अशा चार बोटे लांबीच्या रेघा शंभर झाल्या, की मग दोन पट्ट्या जोडण्याची गोष्ट काढावी. तत्पूर्वी कोणाच्या खुर्चीचा पाय जोडून देण्याचा मोह आवरावा.

आणि जोडल्यावर तोडावे. ही परीक्षा मला सर्वांत प्रिय आहे. एका पट्टीवर दुसरी उभी करून तिच्या एकाच बाजूने सांधा घालावा, थंड होऊ द्यावा, मग शिकंज्यात धरून उभी पट्टी हातोड्याने सांध्याच्या दिशेने पाडावी. फुटलेल्या सांध्यात डोकावून पाहिले म्हणजे कारागिराचे सारे चरित्र उघडे पडते: सुईच्या अग्राएवढी छिद्रे दिसली तर रॉड ओला होता किंवा लोखंड तेलकट, काळी काचेसारखी रेघ असेल तर मळी अडकली, आणि कोपऱ्यातली मूळची सरळ कड जशीच्या तशी दिसत असेल, तर वरून कितीही देखणा दिसणारा तो सांधा आत शिरलाच नव्हता, नुसता वर बसला होता. मी पाहिलेल्या ट्रॉलीच्या तुटक्या हुकांपैकी बहुतेक या शेवटच्या दोषाने तुटलेले होते. ओल्या रॉडचा उल्लेख आला म्हणून सांगतो: आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीलगत ठेवलेले पुडके आठ दिवसांत दमट होते. ते पत्र्याच्या घट्ट डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावे. जाड, जोखमीच्या कामास लागणारे ७०१८ जातीचे रॉड तर भट्टीत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवूनच वापरावयाचे असतात. ज्या दुकानी भट्टी नाही, तेथे त्यांचा आग्रह व्यर्थ आहे.

गॅसची विद्या दुसऱ्या टप्प्यात घ्यावी. काळे सिलिंडर ऑक्सिजनचे, मरून रंगाचे ॲसिटिलीनचे. भरलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोचा दाब असतो, आणि पडून त्याची मान मोडली तर ते तोफगोळ्याप्रमाणे भिंत फोडून जाते, म्हणून साखळी. ऑक्सिजनच्या तोंडाला, रेग्युलेटरला, चावीला तेलाचा थेंबही लागता कामा नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीवाचून पेट घेते. ग्रीस लागलेल्या हाताने, नट कडक झाला म्हणून त्यावर तेल सोडणारा ट्रॅक्टर मिस्त्री येथे सर्वांत धोक्याचा इसम. उन्हाळ्यात घाम पुसण्याऐवजी ऑक्सिजनचा झोत सदऱ्यात सोडून घेण्याची एक खोड काही दुकानांत आहे. ऑक्सिजनने भरलेला सुती सदरा ठिणगी पडताच कापरासारखा जळतो. ॲसिटिलीनचे सिलिंडर कधीही आडवे ठेवू नये, कारण तो वायू आत ॲसिटोन द्रवात मुरवून ठेवलेला असतो; नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलोवर नेऊ नये, त्यापुढे तो हवेवाचूनही फुटू शकतो; आणि फाटलेली नळी जोडण्यास तांब्याचा तुकडा घालू नये, कारण तांब्याशी त्याचा संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होतो. त्याच्या नटाचे आटे डावे असतात व नटाच्या कोपऱ्यांवर खाच असते, ती ओळखण्याची खूण. पेटविताना प्रथम ॲसिटिलीन, मग ऑक्सिजन; बंद करतानाही प्रथम ॲसिटिलीन. घरगुती गॅसची टाकी आणून तिच्यावर कटिंग करण्याचा जो प्रघात बोकाळला आहे, तो बेकायदा तर आहेच, शिवाय तो वायू हवेहून जड असल्यामुळे गळती झाली की खड्ड्यात, नालीत साचून वाट पाहतो.

धुराबद्दल एकच ताकीद. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा जोडताना जो पांढरा, लोकरीसारखा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि मलेरियाच्या या मुलखात त्याची गणना भलत्याच रोगात होते. मुलामा आधी घासून काढावा, वारा पाठीकडून नव्हे, बाजूने येईल असे बसावे, आणि डोके धुराच्या लोटात घालू नये.

आता गिरणीतील कामाकडे वळतो. ज्या जिल्ह्याची ओळखच धानाच्या गिरण्यांनी झाली आहे, तेथील वेल्डरला आज ना उद्या गिरणीचे बोलावणे येणारच: एलिव्हेटरचा डबा निखळला, हॉपरला भोक पडले, छपराची कैची वाकली. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. ते गिरणीच्या मागे डोंगरासारखे पडलेले असते, आणि त्याचा बारीक धुरळा प्रत्येक तुळईवर, प्रत्येक पट्ट्याखाली बसलेला असतो. तुसाची आग ज्वाळा करीत नाही. ठिणगी आत शिरते, धुमसते, आठ-दहा तास मुकाट पोखरीत राहते, आणि मध्यरात्री वारा लागला की वर येते. तोपर्यंत वेल्डर बिदागी घेऊन घरी झोपलेला असतो. बंद एलिव्हेटरच्या पेटीत हवेत तरंगणारा धुरळा तर दारूसारखा उडू शकतो. म्हणून गिरणीत काम घेताना पहिली अट घालावी, की तुकडा सोडवून बाहेर मोकळ्या अंगणात आणता येत असेल तर तो आणावा. आणणे अशक्य असेल तर गिरणी आणि विशेषतः हवा ओढणारे पंखे बंद करावेत, नाहीतर ते ठिणग्या थेट तुसाच्या खोलीत नेऊन टाकतात. चोहोबाजूंनी पस्तीस फुटांपर्यंतचा तूस-कोंडा झाडून काढावा, जे हलविता येत नाही त्यावर ओले गोणपाट घालावे, भिंतीतील फटी बुजवाव्यात, पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात, आणि एक माणूस निव्वळ ठिणग्यांवर नजर ठेवण्यासाठी उभा करावा, ज्याच्या हाती दुसरे काही काम असता कामा नये. मालक म्हणेल, एवढ्याशा टाक्याला केवढा बंदोबस्त. त्याला नम्रपणे सांगावे की बंदोबस्ताची मजुरी टाक्याहून जास्त होईल, आणि तीही घ्यावी.

याच जातीचा दुसरा प्रसंग म्हणजे डिझेलचे रिकामे पिंप. रिकामे हा शब्द येथे फसवा आहे. भरलेल्यापेक्षा रिकामे पिंप अधिक घातक, कारण आत वाफ आणि हवा यांचे मिश्रण तयारच असते. कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ ने, ज्या टाकीत ज्वालाग्राही द्रव्य होते ती पुरती निर्धोक केल्यावाचून तिच्यावर वेल्डिंग वा कटिंग करण्यास मनाई केलेली होती. ती निर्धोक करण्याच्या रीती आहेत, पण त्या या लेखात देण्याचे मी मुद्दाम टाळतो. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही पिंपाला, ट्रॅक्टरच्या टाकीला, कीटकनाशकाच्या डब्याला हात लावू नये, बस्स. तीच गोष्ट देवरीवरून जाणाऱ्या हमरस्त्यावरील मालमोटारींच्या चासीची, आणि उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांतील बॉयलरची. बॉयलरच्या दाबाच्या भागाला हात लावण्यास तर भारतीय बॉयलर विनियम, १९५० प्रमाणे परीक्षा उत्तीर्ण झालेला वेल्डरच लागतो. तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रात वाफेचे नळ ज्या हातांनी जोडले जातात, ते आर्गॉन वायूच्या कवचाखाली टिग पद्धतीने पहिला थर घालतात, आणि त्यांच्या सांध्यांची क्ष-किरणांनी तपासणी होते. तेथवर पोचण्याची वाट याच सहा मिलिमीटरच्या पट्टीवरून जाते, आणि ती चार-पाच वर्षांची आहे. ज्याला कोणी तीन महिन्यांत पोचविण्याचे आश्वासन देत असेल, त्याने फीचे पैसे खिशातच ठेवावेत.

गिरणीचे काम आटोपले म्हणजे हत्यारे लगेच आवरू नका. निदान तासभर तेथेच बसा, चहा तेथेच मागवा, आणि मालकाच्या रात्रपाळीच्या राखणदाराला कोणत्या कोपऱ्यात ठिणग्या पडल्या ते हाताने दाखवून द्या. आणि घर जवळ असेल तर जेवणानंतर, निजण्यापूर्वी एकदा सायकल काढून गिरणीकडे जा, तुसाच्या राशीपाशी उभे राहा आणि जळक्याचा वास येतो काय ते पाहा.